दोन ओळींची जागा

मी एक जुनी छिन्नी आहे. पाव इंच रुंद पात्याची, दगडावर अक्षरे कोरणारी. सध्या माझा मुक्काम इंग्लंडमधल्या हार्थवेट गावच्या संग्रहालयात, काचेच्या पेटीत, हिरव्या मखमलीवर आहे. माझ्या एका बाजूला एक चष्मा आहे आणि दुसऱ्या बाजूला एक रेशमी गळपट्टा. दोन्ही वस्तू महाकवी ऑब्रे पेंडलबरी यांच्या. माझ्याखाली पाटी लावली आहे, 'कवीचे शब्द अमर करणारी छिन्नी'. मित्रांनो, ज्याने ही पाटी लिहिली त्याला मी कोपरापासून हात जोडले असते, पण छिन्नीला हात नसतात. त्या गळपट्ट्याशेजारी लोळण्यापेक्षा मला भंगारात घातले असते तरी मी तक्रार केली नसती.

तुमच्यासारखी शाळेची मुले इथे येतात. बाई ओठांवर बोट ठेवून सांगतात की हळू बोला, हे कवीचे राहते घर होते. मुले बिचारी घाबरून चष्म्याकडे बघतात. त्या चष्म्यामागच्या माणसाला मी छत्तीस वर्षे पाहिले आहे. तुमच्या पुस्तकात त्याच्याविषयी जे छापले आहे ते बहुतेक त्यानेच सांगितलेले आहे, आणि स्वतःविषयी सांगताना त्याने कधी हात आखडता घेतला नाही. आता थोडे माझे ऐका.

माझा जन्म १८९८ सालचा. गावच्या लोहाराने मला पोलादाच्या सळईतून घडवले, तापवून पाण्यात बुडवले आणि इसाक बर्कट नावाच्या पाथरवटाच्या हवाली केले. इसाक कमी बोलणारा माणूस होता. दगडावर आधी कुंचल्याने अक्षरे काढायचा, ती उलट्या बाजूने उभे राहून पुन्हा एकदा वाचायचा, मग मला तिरपी धरायचा आणि लाकडी मोगरीने हलके ठोके द्यायचा. आमच्याकडचा दगड पाटीचा, म्हणजे शाळेची पाटी बनते त्या जातीचा, हिरवट आणि कमालीचा कठीण. त्याच्यावर एक अक्षर कोरायचे म्हणजे माझा जीव मेटाकुटीला येई. पण कोरलेले अक्षर मात्र शंभर वर्षे पावसाला दाद देत नसे.

इसाकची एक पद्धत होती. नवरा गेला की त्याच्या दगडावर नाव कोरताना खाली बायकोच्या नावापुरती जागा तो कोरी ठेवी. आमच्या गावात याचे कुणाला काही वाटत नसे. बायका रविवारी चर्चमधून येत, आपल्याच कोऱ्या जागेखाली फुलझाडे लावत आणि शेजारणीला यंदाचे वाटाणे कसे आले ते विचारत. "दगड कधी भरून टाकू नये," इसाक म्हणे. "कुणीतरी मागाहून येतंच."

पेंडलबरीची आणि माझी पहिली गाठ १८९९ साली पडली. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. कुठल्याशा मामाच्या कापडगिरणीवर त्याचे भागत होते, त्यामुळे दिवसभर करायला काही नव्हते. त्याचा कुत्रा मेला. त्या कुत्र्यासाठी त्याने चौदा ओळी लिहून आणल्या. त्यात तारे होते, समुद्र होता, ग्रीक देव होते. कुत्रा तेवढा शोधावा लागत होता. त्याच आठवड्यात खाणीत दगडाखाली सापडून एक माणूस गेला होता, पाच मुलांचा बाप. त्याच्या बायकोने दगडावर नाव आणि वर्ष, एवढेच सांगितले. "त्यांना जास्त बोललेलं आवडायचं नाही," ती म्हणाली. मी एक दिवस त्या माणसाचे काम केले आणि दोन आठवडे कुत्र्याचे.

त्याची निसर्गकविता तुम्हाला पाठ असेल. 'स्वैर मेंढरे' म्हणून त्याचे एक पुस्तकच आहे. ती मेंढरे स्वैर का होती ते मी सांगते. आमच्या डोंगरांवर दगडी कुंपणे आहेत आणि त्यांना लाकडी फाटके आहेत. फाटक उघडले की मागे लावून घ्यायचे, हे इथल्या तीन वर्षांच्या पोराला कळते. पेंडलबरीला आयुष्यभर कळले नाही. तो गळपट्टा उडवत फाटकातून जायचा, फाटक तसेच टाकायचा आणि वरच्या खडकावर बसून खाली पांगलेल्या मेंढ्यांवर कविता करायचा. इकडे मेंढपाळ कुत्री घेऊन अंधार पडेपर्यंत त्यांना गोळा करत फिरायचे. लंडनच्या वर्तमानपत्रांनी लिहिले की या कवीला डोंगराचे हृदय सापडले आहे. मेंढपाळ काय म्हणत ते मी तुमच्यासमोर सांगू शकत नाही.

१९१४ साली लढाई सुरू झाली. गावातली पोरे बँडच्या मागून स्टेशनवर गेली. पेंडलबरीही स्टेशनपर्यंत गेला आणि तिथून घरी परत आला. डॉक्टरने त्याच्या काळजाविषयी काहीतरी लिहून दिले होते. ते नाजूक काळीज घेऊन तो रोज आठ मैल डोंगर चढत असे. घरी येऊन तो लढाईवर लिही. त्या कवितांत तुताऱ्या फार असत. स्टेशनवरून गेलेल्यांपैकी एकानेही तिकडे तुतारी ऐकली नव्हती.

आता मी ज्याच्यासाठी हे सगळे सांगते आहे त्याच्याकडे येते. पेंडलबरीच्या घरी एस्थर माउनसी नावाची विधवा बाई स्वयंपाक आणि घरकाम करायची. तिला एकच मुलगा, रुबेन. तो आमच्याच खाणीत दगड फोडायचा. पाटीच्या दगडाचे त्याला एवढे ज्ञान की तो नुसत्या बोटाच्या पेरांनी वाजवून सांगे, हा आतून तडकलाय, हा घ्या. लढाईत त्याच्या छातीत विषारी वायू गेला. १९१८च्या हिवाळ्यात तो परत आला तेव्हा जिना चढताना त्याला तीनदा थांबावे लागे. पेंडलबरीने त्याला स्वयंपाकघरामागची खोली दिली. गावाने वाहवा केली. मलाही तेव्हा वाटले, चला, माणूस अगदीच वाया गेलेला नाही.

एस्थर एकदा इसाकच्या कारखान्यात आली होती, तेव्हाचे बोलणे मला आठवते.

"साहेब फार चांगले आहेत हो," ती म्हणाली. "रुबेनच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून तास तास बसतात. ताप चढला की तो काहीबाही बडबडतो ना, तेसुद्धा ऐकतात."

"आणि त्याच्याशी बोलतात काय?" इसाकने विचारले.

"बोलत नाहीत. लिहितात."

पुढच्या वर्षी पुस्तक आले. याच पुस्तकाने तो महाकवी झाला. साऱ्या इंग्लंडने डोळे पुसले. इसाकची मुलगी हॅना तेव्हा वीस वर्षांची होती, ती बापाला कारखान्यात ते वाचून दाखवायची. यात तुताऱ्या नव्हत्या. चिखलात घोड्यासारखे उभ्याने झोपणारे सैनिक होते. ओले मोजे पोटाशी धरून वाळवणारा एक पोरगा होता. इसाकची मोगरी थांबली.

"हे तर रुबेन बोलला होता," तो म्हणाला. "इथं, त्या ढिगावर बसून."

"बाबा, पण यात रुबेनचं नाव कुठंच नाही," हॅना म्हणाली आणि पहिल्या पानावर गेली. "हे बघा. 'हार्थवेटच्या डोंगरांस अर्पण.'"

डोंगर काही खोकत नव्हते, मित्रांनो. रुबेनला मात्र याचा राग आला नाही. उन्हाच्या दिवशी तो हळूहळू चालत आमच्या कारखान्यात येई आणि दगडांच्या ढिगावर बसे. हॅनाने पुस्तक दाखवले तेव्हा तो खोकत खोकत हसला. "वाचून असं वाटतं, वायू माझ्यापेक्षा साहेबांनाच जास्त लागलाय," तो म्हणाला.

१९२१ साली गावाने लढाईत गेलेल्यांचे चौकात स्मारक उभारायचे ठरवले. दगड निवडायला इसाकने रुबेनलाच बोलावले. रुबेनने तीन दगड वाजवले. तिसरा घंटेसारखा वाजला. "हा," तो म्हणाला आणि श्वास घ्यायला खाली बसला. वर पेंडलबरीच्या त्याच पुस्तकातली आठ ओळींची कविता, तिच्याखाली गावच्या एकतीस मृतांची नावे, आडनावांच्या क्रमाने, आणि सगळ्यांत खाली वीतभर जागा कोरी. इसाकने आखणी अशी केली होती. ती जागा कुणासाठी होती हे त्याने कुणाला सांगितले नाही. पण तो रोज त्या ढिगावरचा खोकला ऐकत होता.

एके दिवशी पेंडलबरी गळपट्टा सावरत आला. त्याला आणखी दोन ओळी सुचल्या होत्या. नावांच्या खाली, समारोपाला.

"मिस्टर पेंडलबरी, खालची जागा मोकळी ठेवायची असते," इसाक म्हणाला.

"कशासाठी?"

"कुणी मागाहून आलं तर."

"अहो बर्कट, लढाई संपून तीन वर्षं झाली. आता मागाहून कोण येणार?"

रुबेन दहा पावलांवर बसला होता. त्याला नेमकी उबळ आली. पेंडलबरीने वळून पाहिले आणि मान डोलावली. "काय रुबेन, बरं आहे ना?"

"मजेत, साहेब," रुबेन म्हणाला.

इसाक जमिनीकडे बघत राहिला. आमच्याकडे अशा वेळी कुणी कुणाला तोंडावर बोलत नाही. बोलायला हवे होते, असे मला अजूनही वाटते. दुसऱ्या दिवशी त्या ओळी कोरायची स्मारक समितीची लेखी आज्ञा आली. समितीत एक कर्नल होता, पाद्री होता आणि स्वतः पेंडलबरी होता. कोरीव कामातल्या कुणाला त्यात घ्यावे असे कुणालाच सुचले नव्हते. त्या दोन ओळी अशा होत्या:

नाव न ज्याचे कोणा ठावे, तोच आमुचा वीर खरा;
अनाम त्या पोराच्या श्वासे धन्य जाहली वसुंधरा.

त्या मी कोरल्या. मोगरी बसली की छिन्नीला पुढे जावेच लागते. पण खरे सांगते, गटार उकरायला लावले असते तर मी याहून आनंदाने उकरले असते.

दोन वर्षांनी, मार्च महिन्यात, रुबेन गेला. तो वायूने गेला असे डॉक्टरने लिहून दिले. एस्थर तो कागद घेऊन समितीकडे गेली. सगळे एकमताने म्हणाले की हो, रुबेनचे नाव दगडावर हवेच. मग सगळे एकमताने म्हणाले की जागा नाही. इसाक म्हणाला, शेवटच्या दोन ओळी मी घासून काढतो, तीन दिवसांचे काम आहे. यावर कर्नल म्हणाला, "कवितेला हात लावायचा म्हणजे कवीची परवानगी लागेल." आणि त्यांनी काखा वर केल्या.

इसाक एस्थरबरोबर कवीकडे गेला. मी त्याच्या कोटाच्या खिशात होते. ज्या खोलीची धूळ ती रोज पुसत होती, त्या खोलीत एस्थर त्या दिवशी पाहुणी म्हणून गेली. तिला कुणी बसायला सांगितले नाही.

"साहेब, शेवटच्या दोन ओळी काढल्या तर माझ्या रुबेनचं नाव बसतंय," ती म्हणाली.

पेंडलबरीने डोळे मिटले. तो डोळे मिटायला लागला की समजावे, आता काहीतरी उदात्त येणार. "मिसेस माउनसी, तुम्हाला कळत नाहीये. तो तिथे आहेच. ते अनाम पोर म्हणजे तुमचा रुबेनच."

"पण तो अनाम नव्हता, साहेब. मीच ठेवलं होतं त्याचं नाव."

"नाव काय, कुणाचंही असतं. मी त्याला नावापेक्षा मोठं काही दिलंय. उद्या त्या जागी एक नाव लिहिलं, तर ते एकाच माणसाचं स्मारक होईल. आज तो सगळ्या इंग्लंडचा मुलगा आहे."

"सगळ्या इंग्लंडनं नाही हो त्याचं थुंकीचं भांडं धुतलं," एस्थर म्हणाली.

इसाक खाकरला. पेंडलबरी खिडकीपाशी गेला आणि पाठमोरा म्हणाला, "पुढच्या आवृत्तीत मी त्याची आद्याक्षरं छापीन. आता मला चहा मिळेल का?"

तिने चहा आणून दिला. पंचावन्न वर्षांची विधवा बाई नोकरी सोडून जाणार कुठे? पुढच्या नऊ आवृत्त्या निघाल्या. आद्याक्षरेही छापली गेली नाहीत. लंडनहून चाहते यायचे आणि हमखास विचारायचे की तो पोरगा कोण होता. कवी डोंगरांकडे बघत म्हणायचा, "तो कुणी एक नव्हता." त्या वेळी एस्थर केकची थाळी घेऊन मागे उभी असायची. हे तिने स्वतः हॅनाला सांगितले. सांगताना ती रडली नाही. मला मात्र त्या माणसाची इतकी शिसारी आली की माझ्यावर गंज कसा चढला नाही याचेच नवल.

दर वर्षी ११ नोव्हेंबरला, लढाई थांबली त्या दिवशी, त्याच वेळी म्हणजे अकरा वाजता गाव चौकात जमायचे. दोन मिनिटे सगळे स्तब्ध उभे राहायचे. मग पेंडलबरी आपल्या आठ ओळी म्हणायचा. मग पाद्री दगडावरची नावे वाचायचा. शेवटचे नाव थॉमस यूडेलचे. त्यानंतर पेंडलबरी समारोपाच्या दोन ओळी म्हणायला पुढे यायचा. तो घसा साफ करी तेवढ्या वेळात गर्दीतून एस्थरचा आवाज यायचा, "रुबेन माउनसी."

एवढेच. ओरडून नाही, रडून नाही. दर वर्षी न चुकता. लोक बुटांकडे बघायचे. कुणी टोपी उगाच नीट करायचा. कुणी तिला गप्प केले नाही आणि कुणी तिच्या बाजूने तोंडही उघडले नाही. सगळे गाव मूग गिळून बसले होते. आपल्या सभ्यपणाचा त्यांना भारी अभिमान होता. पेंडलबरी एक क्षण थांबायचा आणि 'नाव न ज्याचे कोणा ठावे' म्हणून सुरू करायचा. मित्रांनो, जिच्या मुलाचा श्वास विकून हा मोठा झाला तिने नाव सांगितल्यावर पुढच्याच क्षणी ही ओळ म्हणायला किती निर्लज्जपणा लागतो, ते तुम्हीच ठरवा.

१९३० साली इसाक गेला. कारखाना हॅनाने चालवायला घेतला. बाईमाणूस दगड कोरते म्हणून गावाने वर्षभर नाके मुरडली आणि मग तिच्याकडेच काम आणले. माझे पाते आता धार लावून लावून बोटभर आखूड झाले होते. तरी ती मलाच हातात घेई.

१९३५ साली महाकवींना साठावे वर्ष लागले. त्या ११ नोव्हेंबरला रेडिओवाले लंडनहून येणार, आणि हार्थवेटच्या चौकातून कवीचा आवाज सगळ्या देशात जाणार, असे ठरले. समितीची एकच धांदल उडाली. दगडावर शेवाळ आले होते, अक्षरांतला काळा रंग उडाला होता. दगड स्वच्छ करून अक्षरे नव्याने काळी करायचे काम हॅनाला दिले. कवीचे शब्द कसे उठून दिसले पाहिजेत, असे कर्नलने तिला तीनदा बजावले.

हॅनाने स्मारकाभोवती लाकडी चौकट उभी करून ताडपत्री बांधली. पहिले दोन दिवस तिने शेवाळ काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी ती खालच्या दोन ओळींसमोर गुडघ्यांवर बसली आणि बराच वेळ तशीच राहिली. तिला भीती वाटत होती. समितीने तक्रार केली असती तर तिला या खोऱ्यात पुन्हा कुणी काम दिले नसते. मग तिने खरखरीत दगडाचा ठोकळा पाण्यात बुडवला आणि घासायला सुरुवात केली.

दुपारी बाहेरून काठीचा आवाज आला. कर्नल होता. "काम कसं काय चाललंय?"

"घासतेय, कर्नलसाहेब," ती आतून म्हणाली.

"छान, छान. चांगलं जोर लावून घास."

तिने जोर लावला. इसाकने सांगितले होते तसे तिला तीन दिवस लागले. वसुंधरा गेली, वीर गेला, अनाम पोर गेले. दगडाला किंचित खोलगट भाग पडला, पण तो गुळगुळीत होता. सहाव्या दिवशी तिने कुंचल्याने अक्षरे काढली, डोके खाली वाकवून उलट्या बाजूने वाचली आणि मला उचलले. मी आयुष्यात हजारो नावे कोरली, पण इतकी सरळ मी कधी चालले नव्हते. शेवटच्या अक्षराला माझ्या पात्याचा कोपरा उडाला. हॅनाने ते अक्षर दुसऱ्या छिन्नीने पुरे केले. माझे काम तिथे संपले. मला त्याचे वाईट वाटले नाही. तिने मला खिशात टाकले आणि ताडपत्री ११ तारखेच्या सकाळपर्यंत तशीच ठेवली.

त्या दिवशी चौक भरून गेला होता. रेडिओवाल्याने खांबावर आवाज टिपणारे यंत्र बसवले होते. पाद्री नवा होता, त्याच वसंतात आलेला. आमच्या गावचा एकही नोव्हेंबर त्याने पाहिला नव्हता. ताडपत्री निघाली. लोकांनी दगडाकडे पाहिले. पुढच्या रांगेतली एक-दोन डोकी हलली आणि पुन्हा स्थिर झाली. पेंडलबरी यंत्राकडे तोंड आणि दगडाकडे पाठ करून उभा होता. आपलेच शब्द, ते काय बघायचे? दोन मिनिटांची स्तब्धता झाली. त्याने आठ ओळी म्हटल्या. ओळी चांगल्याच होत्या, रुबेनच्याच होत्या त्या.

मग पाद्री दगडासमोर वाकून नावे वाचू लागला. समोर जे कोरले होते ते तो बिचारा वाचत गेला. "थॉमस यूडेल," तो म्हणाला, आणि त्याच सुरात पुढे म्हणाला, "रुबेन माउनसी." आणि मागे सरला.

पेंडलबरी घसा साफ करून वळला आणि त्याने दगड पाहिला. त्याचे तोंड उघडे होते. रेडिओवाला हाताने खुणा करत होता, म्हणा, म्हणा. त्याला त्या दोन ओळी येत नव्हत्या असे नाही. पण नाव कुणाला ठाऊक नाही असे आता कुठल्या तोंडाने म्हणणार? ते नाव नुकतेच देशातल्या प्रत्येक घरात ऐकू गेले होते. तो तसाच उभा राहिला. यंत्रातून नुसता वारा गेला. शेवटी बँडवाल्यांनी घाबरून राष्ट्रगीत सुरू केले.

दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रे वाचून हॅनाला हसू आवरेना. सगळ्यांनी लिहिले होते की महाकवींना गहिवरून आले, त्यांचे मौन शब्दांपेक्षा थोर होते. पेंडलबरीने ते वाचले आणि त्याला ते पटले. पुढे आत्मचरित्रात त्याने लिहिले आहे की 'त्या दिवशी मी माझी सर्वश्रेष्ठ कविता न बोलता म्हटली'. तेच तुमच्या पुस्तकात आहे. बघा, त्या माणसाची जिरवावी म्हटले तरी त्यातून तो स्वतःची आरती करून घेतो.

समितीचे काय झाले? काहीच झाले नाही. कर्नल दोन दिवसांनी आला, खालच्या नावावर त्याने काठीचे टोक टेकवले, मग हॅनाकडे बघून म्हणाला, "हवेत गारठा आलाय." "हो, आलाय खरा," हॅना म्हणाली. एवढ्यावर विषय मिटला. बारा वर्षे ज्या भिडेने नाव दगडाबाहेर ठेवले त्याच भिडेने ते आत राहू दिले. पेंडलबरीने तक्रार करायची तर कशासाठी करतो आहे ते सांगावे लागले असते.

मित्रांनो, माझी तुम्हाला एकच विनंती आहे. मला तेल लावू नका, माझे फोटो काढू नका. कविता वाचा, जरूर वाचा. पण कवितेत कुठे 'एक गरीब पोर' दिसले, 'एक अनाम माता' दिसली, की पुस्तक मिटायच्या आधी विचारा, हिचे नाव काय होते? लिहिणाऱ्याला ठाऊक होते का? आणि ठाऊक असून लिहिले नसेल, तर त्या कवितेपुढे उगाच मान तुकवू नका.

त्या दिवशीच्या कवीच्या मौनाविषयी बरेच छापून आले आहे. एस्थरच्या मौनाविषयी कुणी चार शब्द लिहिले नाहीत. मी हॅनाच्या खिशात होते आणि एस्थर तिच्या शेजारी, तिचा हात धरून उभी होती. तिची नजर आता अधू झाली होती, तिला दगडावरचे काही वाचता येत नव्हते. हॅनानेही तिला काही सांगितले नव्हते. थॉमस यूडेलचे नाव झाले. एस्थरने दर वर्षीप्रमाणे छाती भरून श्वास घेतला, ओठ उघडले. आणि पाद्रीच्या तोंडून तिने तिच्या मुलाचे नाव ऐकले. तो घेतलेला श्वास तिच्याजवळ तसाच राहिला. तिने डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले, इतरांनीही ऐकले ना याची जणू खात्री करून घेतली. मग तिने हॅनाचा हात घट्ट दाबला आणि हळूच म्हणाली, "या वर्षी मला नाही गं म्हणावं लागलं."